कोळशाचं इंजिन समुद्राला जाऊन आलं. आपल्या छोट्या रेलचं काय?

कुरखेडा : आपल्या कुरखेड्याला रेल्वे नाही. गाडी धरायची तर वडसा गाठावं लागतं. वडशाचं स्टेशन हेच गडचिरोली जिल्ह्याचं रेल्वेचं दार. कित्येक वर्षं जिल्ह्यात दुसरं स्टेशनच नव्हतं. तरीही साठीच्या पुढच्या माणसाजवळ ‘छोटी रेल’ असा नुसता शब्द काढा, लगेच तो सावरून बसतो. कोळशाचा धूर, डोळ्यात जाणारी कोंडी, चढावर धापा टाकणारं इंजिन आणि वैनगंगेचा पूल, सगळं त्याला आठवतं. सतीच्या काठावरून निघून वडशापर्यंत बैलबंडीनं आणि पुढं गाडीनं, असा प्रवास केलेली माणसं अजून गावोगावी आहेत.

अशा कोळशाच्या इंजिनानं अलीकडं समुद्राकाठी लोकांना सहल घडवली, असं सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही. पण गोष्ट खरी आहे.

कन्याकुमारीची सहल

सन २०१९ मध्ये दक्षिण रेल्वेनं ‘ईआयआर-२१’ नावाचं जुनं इंजिन नागरकोइल ते कन्याकुमारी या मार्गावर चालवलं. अंतर जेमतेम १६ किलोमीटर. त्याच वर्षी केरळात एर्नाकुलमपासून कोचीन हार्बर टर्मिनसपर्यंत, म्हणजे थेट बंदरापर्यंत, त्याच इंजिनाच्या सहली झाल्या. मागं जोडलेला प्रवासी डबा एकच. पण रूळ नेहमीचेच होते, ज्यावरून रोजच्या गाड्या धावतात तेच. बगीच्यातली खेळण्याची रेल नव्हती ती.

या इंजिनाचं वय ऐकून घ्या. ते १८५५ साली इंग्लंडातल्या लीड्स शहरात तयार झालं. म्हणजे १८५७ च्या उठावाच्याही दोन वर्षं आधी. जहाजानं ते कलकत्त्याला आलं, ईस्ट इंडियन रेल्वेत राबलं आणि १९०९ साली सेवेतून निघालं. त्यानंतर शंभर वर्षं ते जमालपूर आणि हावडा इथं नुसतं शोभेला उभं होतं. पाऊस, ऊन, गंज सगळं अंगावर घेत. पुढं चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात त्याला नेलं. काही भाग सडले होते, काही जागेवर नव्हतेच. ते कारागिरांनी नव्यानं घडवले. १५ ऑगस्ट २०१० रोजी चेन्नई सेंट्रल ते आवडी असं ते पुन्हा आपल्या वाफेवर धावलं.

त्याचंच जोडीदार इंजिन म्हणजे ‘फेअरी क्वीन’. तेही १८५५ चंच. १९९७ पासून ते दिल्लीहून राजस्थानातल्या अलवरपर्यंत पर्यटकांना घेऊन जाऊ लागलं. जगातलं नियमित धावणारं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून १९९८ मध्ये त्याची गिनेस बुकात नोंद झाली.

त्याची ताकद किती? १३० अश्वशक्ती. म्हणजे आपल्याकडचे चाळीस-पंचेचाळीसचे तीन ट्रॅक्टर एकत्र जुंपले तेवढी. वेग तासाला ४० किलोमीटर. आजचं विजेचं मोठं इंजिन सहा हजार अश्वशक्तीच्या पुढचं असतं. तेव्हा कामाच्या हिशेबानं या म्हाताऱ्याचा आज काही उपयोग नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी?

राईस मिलच्या बॉयलरवरून समजून घ्या

ज्यांनी उसन्या तांदळाच्या मिलमधला बॉयलर पाहिला आहे, त्यांना हे लवकर कळेल. तिथं कोंड्याची आग, इथं कोळशाची. तत्त्व तेच. पाण्याची वाफ कोंडायची आणि तिच्याकडून काम करून घ्यायचं. फरक एवढाच, की इंजिनाचा बॉयलर हलतो, धक्के खातो, चढ-उतार सोसतो.

हे इंजिन बटन दाबलं आणि निघालं असं नसतं. थंड इंजिन हळूहळू तापवावं लागतं. त्याला कित्येक तास लागतात. सकाळी गाडी सोडायची तर आग आदल्या रात्रीच पेटवावी लागते. घाई केली तर पत्रा एकीकडं तापतो, एकीकडं थंड राहतो, आणि नळ्यांच्या तोंडातून पाणी गळू लागतं.

चालताना सर्वांत मोठी चिंता पाण्याची. आगीच्या पेटीवरचा पत्रा सतत पाण्याखाली बुडालेला हवा. पाणी खाली गेलं की पत्रा लाल होतो आणि बॉयलर फुटण्याची वेळ येते. म्हणून तिथं शिशाचा बूच बसवलेला असतो. पाणी कमी पडलं की शिसं आधी वितळतं आणि वाफ आगीवर येऊन धोक्याची सूचना मिळते. फायरमनचा एक डोळा आगीवर आणि एक काचेच्या नळीतल्या पाण्यावर असतो. चढ आला की पाणी मागं सरकतं, उतार आला की पुढं. काचेत दिसणारं पाणी खरं किती, हे ज्याचं त्यालाच समजतं. पुस्तकात वाचून ते येत नाही.

शिवाय पाणी जड असलं की आत खार धरतो. आपल्या चुलीवरच्या हंड्याला धरतो तसाच. तो ठरलेल्या मुदतीत धुऊन काढावा लागतो. राईस मिलचा बॉयलर जसा दरवर्षी निरीक्षकाला दाखवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तशीच तपासणी जपलेल्या इंजिनांची होते.

सगळा खटाटोप आहे तो इथं. जुन्या काळी माणूस आधी इंजिन पुसणारा क्लीनर व्हायचा, मग फायरमन, मग ड्रायव्हर. दहा-वीस वर्षं हात काळे झाल्यावर त्याच्या ताब्यात गाडी यायची. भारतात मोठ्या लाईनवरची नेहमीची वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये बंद झाली. त्या वेळी तिशीत असलेला फायरमन आज साठीच्या घरात किंवा पुढं आहे. इंजिन चालतं ठेवलं तर त्याच्या हाताखाली दोन तरुण तयार होतात. इंजिन चौथऱ्यावर ठेवलं तर लोखंड राहतं आणि विद्या त्या माणसाबरोबर जाते.

विलायतेत काय झालं?

इंग्लंडात ऑगस्ट १९६८ मध्ये मोठ्या लाईनवरची वाफेची इंजिनं बंद केली. लगेच त्यांच्यावर बंदीही घातली. पण तिथल्या लोकांनी भंगारात निघालेली इंजिनं वर्गणी काढून विकत घेतली. १९७१ मध्ये बंदी सैल झाली आणि मोठ्या लाईनवर सहली पुन्हा सुरू झाल्या. यॉर्कहून स्कारबरोच्या समुद्रकिनाऱ्याला, स्कॉटलंडात फोर्ट विल्यमहून मालेगच्या बंदराला अशा गाड्या चालत आल्या आहेत. यातली बरीच मेहनत फुकट काम करणाऱ्या स्वयंसेवकांची असते. सुतार, लोहार, मास्तर, निवृत्त कारकून असे लोक सुटीच्या दिवशी इंजिन घासतात.

पण तिथंही सगळं सोपं नाही. साधारण दहा वर्षांनी बॉयलर पूर्ण उतरवून दुरुस्त करावा लागतो आणि त्याला फार पैसा लागतो. जुन्या डब्यांच्या दारांना आजच्यासारखी एकत्र कुलूप लागण्याची सोय नाही, यावरून मालेगची गाडी २०२४ च्या सुरुवातीला काही काळ थांबली होती. प्रवाशाच्या जिवाचा प्रश्न आला की जुनेपणाची सबब चालत नाही, हे बरोबरच आहे.

आपल्याकडं काय उरलं?

आता आपल्या दाराशी येऊ. बंगाल नागपूर रेल्वेनं गोंदिया–नागभीड आणि नागपूर–नागभीड या अडीच फुटी लाईन १९०८ च्या सुमारास सुरू केल्या. १९१३ पर्यंत रूळ चांदा फोर्टला पोहोचले. ग्लासगोला बनलेली इंजिनं या झाडीपट्टीत आली. जंगलातलं लाकूड, बांबू, शेतातलं धान आणि बाजाराला निघालेली माणसं त्यांनी ओढली.

१९९० च्या दशकात गोंदिया–वडसा–चांदा फोर्ट लाईन मोठी झाली. त्याचा आपल्याला फायदाच झाला. नागपूर–नागभीडची छोटी गाडी कुही, उमरेड, भिवापूर करत नोव्हेंबर २०१९ पर्यंत धावली. नंतर तीही मोठ्या लाईनच्या कामासाठी बंद झाली. तिकडं यवतमाळ–मूर्तिजापूरच्या ‘शकुंतले’चं वाफेचं इंजिन १९९४ मध्येच उतरवलं होतं.

छोट्या लाईनची इंजिनं, डबे, कंदील आणि सिग्नल पाहायचे तर नागपूरला मोतीबाग इथं रेल्वेचं नॅरो गेज संग्रहालय आहे. ते डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालं. शाळेची सहल नागपूरला जात असेल तर मास्तरांनी मुलांना तिथं जरूर न्यावं. पण तिथलं जुनं इंजिन ओढायला उभं नाही. ते पाहायला उभं आहे.

आधी गाडी, मग सहल

कोणी म्हणेल, आपल्याकडंही अशी सहलीची गाडी मागू या. मागायला हरकत नाही. पण हिशेब नीट करावा. कन्याकुमारीच्या गाडीला डबा एकच होता. दिल्लीची गाडी हिवाळ्यातल्या मोजक्या फेऱ्यांपुरती. अशा गाडीनं दवाखान्यात जाणारा पेशंट, कॉलेजला जाणारी पोरगी किंवा भाजीचा गठ्ठा घेतलेली बाई यांची सोय होत नाही. आपली पहिली गरज रोज वेळेवर येणाऱ्या गाडीची. वडसा–गडचिरोली ही सुमारे ५२ किलोमीटरची लाईन २०११-१२ मध्ये मंजूर झाली आणि तिच्या कामाची जिल्ह्यानं किती वाट पाहिली, हे सर्वांना माहीत आहे. ती मागणी सहलीच्या मागणीखाली दबता कामा नये.

मात्र एक काम असं आहे, की त्याला पैसा लागत नाही आणि उशीरही चालत नाही. छोट्या रेलवर काम केलेली माणसं, म्हणजे फायरमन, गँगमन, पॉइंटमन, पाणी भरणारे, कोळसा उतरवणारे, अजून काही गावांत आहेत. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, अर्जुनी या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींनी त्यांची नावं काढावी. शाळेच्या मास्तरांनी मुलांना त्यांच्याजवळ बसवावं. कुठल्या विहिरीचं पाणी इंजिनाला चालायचं, कुठल्या चढावर गाडी अडायची, वैनगंगेला पूर आला की काय करायचे, हे सगळं मोबाइलवर बोलतं करून घ्यावं आणि वहीत उतरवावं. बांबू आणि तेंदूचं दप्तर ठेवणाऱ्या आपल्या ग्रामसभांना लिहिणं कोणी शिकवायला नको.

दुसरं, जुन्या लाईनकाठची पाण्याची टाकी, स्टेशनची कौलारू इमारत, विहीर असं काही उभं असेल तर त्याची यादी करून ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि तो रेल्वेकडं पाठवावा. भंगारात निघण्याआधी लिहून कळवलं तर निदान विचार तरी होतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पडलेला रूळ, पट्टी, खिळा काहीही घरी आणू नये. १९६६ च्या कायद्यानं रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा गुन्हा आहे.

पेरांबूरच्या कारागिरांनी शंभर वर्षं गंजलेलं इंजिन उठवलं, कारण भाग घडवायला हात होते आणि आग राखायला जाणती माणसं होती. लोखंड पुन्हा ओतता येतं. आपल्या गावातला म्हातारा फायरमन एकदा गेला की त्याला विचारायचं राहून जातं. रोवण्याचं काम आटोपलं की गावात एक चक्कर टाका आणि अशी माणसं कोणाच्या घरी आहेत, ते आधी पाहा.