दोन मोटारी आणि गुणांचा हिशेब

नारायणगडाच्या परिसरात बसून विजेच्या मोटारींच्या शर्यतीवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण श्रोत्यांपैकी कित्येकजण ऊसतोडीहून नुकतेच परतले आहेत, आणि कोणत्या टोळीने किती टन ऊस तोडला हा वाद त्यांना नवा नाही. आमचा विषय तोच आहे. टोळ्यांच्या जागी मोटारी आहेत, एवढेच.

‘फॉर्म्युला ई’ ही विजेच्या मोटारींची जागतिक शर्यतमाला २०१४ साली बीजिंगला सुरू झाली. तीत मुंबईच्या दोन उद्योगघराण्यांच्या मोटारी एकमेकींविरुद्ध धावतात. महिंद्रांचा संघ पहिल्या शर्यतीपासून आहे. दुसरा जॅग्वार. नाव विलायती खरे, पण ती कंपनी २००८ पासून टाटांची आहे. तिचा संघ २०१६ मध्ये उतरला. महिंद्रांनी पहिली शर्यत २०१७ साली बर्लिनला जिंकली, जॅग्वारने २०१९ साली रोमला.

या दोघांत सरस कोण? टोळ्यांची तुलना करताना आपण आधी फड पाहतो. फड सारखा नसेल तर टनांचे आकडे फसवे. इथे फड बराचसा सारखा आहे. २०२३ पासून आलेल्या मोटारीचा सांगाडा, बॅटरी आणि टायर सर्व संघांना एकच. बॅटरीतली वापरता येणारी वीज सुमारे ३८.५ युनिट, हे आपल्या वीजबिलावरचेच युनिट. संघाच्या हातचे म्हणजे मागची विजेची मोटर, इन्व्हर्टर, गिअर, मागचे सस्पेन्शन आणि संगणकातले गणित. ब्रेक दाबला की मोटर उलट काम करते, जनित्र बनते आणि वीज बॅटरीत परत घालते. शर्यतीत लागणाऱ्या विजेपैकी सुमारे ४० टक्के अशी मिळवलेली असते. तेव्हा नुसता वेग कामाचा नाही. उताराला बैलांचा दम राखणारा गाडीवान चढाला पुढे निघतो, तसेच हे आहे.

आता ११ फेब्रुवारी २०२३ ची हैदराबादची शर्यत पाहा. सर्वांत पुढची जागा जॅग्वारच्या मिच इव्हान्सने मिळवली होती. म्हणजे त्या दिवशी एका फेरीत ती मोटार सर्वांत चपळ ठरली. शर्यतीत मात्र त्याच्याच संघाचा सॅम बर्ड एका वळणावर त्याच्यावर येऊन आदळला. जॅग्वारच्या पदरी पुढच्या जागेचे तेवढे तीन गुण! महिंद्रांचा ऑलिव्हर रोलंड सहावा आला, त्याला आठ गुण मिळाले. मग महिंद्रांची मोटार सरस म्हणायची काय? थांबा. दुसरा आला निक कॅसिडी, एन्व्हिजन संघाचा. आणि त्याच्या मोटारीचे यंत्र जॅग्वारचेच होते.

आम्ही तरुणपणी एका कारखान्यात होतो. तिथे माल कमी निघाला की कामगाराचे नाव लिहीत, यंत्राचे कधीच नाही. त्यामुळे असल्या तक्त्यांकडे आम्ही अजून संशयानेच पाहतो.

हैदराबादनंतर दोनच आठवड्यांनी केप टाऊनला मागच्या सस्पेन्शनविषयी शंका आली, म्हणून महिंद्रांनी आपल्या दोन्ही मोटारी शर्यतीतून मागे घेतल्या. त्यांचेच यंत्र वापरणाऱ्या आप्ट संघानेही तेच केले. तक्त्यात याची नोंद शून्य अशीच. मोटार सदोष होती, हे महिंद्रांचे उणेच. पण आत बसणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात न घालता हे उणे मान्य केले, त्याला आमच्या वहीत गुण आहेत. किती कारखान्यांत असे यंत्र वेळेवर बंद होते, हे तुम्हीच आठवून पाहा.

एका शर्यतीवरून निवाडा करू नये, हंगाम पाहावा. २०२३ च्या हंगामात जॅग्वार संघ दुसरा आला, महिंद्रा दहावा. २०२४ मध्ये जॅग्वारने सांघिक विजेतेपद घेतले, मात्र चालकाचे विजेतेपद पोर्शच्या पास्काल वेरलाइनकडे गेले. या दोन हंगामांत टाटांची मोटार निःसंशय सरस. २०२४-२५ मध्ये महिंद्रा चौथ्या क्रमांकावर आले. आदल्या हंगामात ते खालच्या निम्म्यात होते, आणि दोन्ही हंगामांत चालक तेच: एदोआर्दो मोर्तारा व निक डी फ्रीस. हात तेच राहिले, म्हणून या चढणीचा मोठा वाटा आम्ही यंत्राच्या आणि ते बांधणाऱ्या कामगारांच्या नावे लिहितो. त्यांची नावे मात्र कोणत्याही तक्त्यात आम्हाला सापडली नाहीत.