करंजी, कारंजा आणि कर्ज

वाशीम, रिसोड, मानोरा, मंगरूळपीर या भागात कानावर पडलेल्या बोलण्याची एक वही मी बरीच वर्षं भरतो आहे. शब्द लिहायचा आणि त्याखाली तो कुणी, कोणत्या प्रसंगी, कसा वापरला ते टिपायचं. ही वही इंटरनेटवर यावी म्हणून मी हौसेनं प्रोग्रामिंग शिकलो आणि संकेतस्थळ उभं केलं. एके दिवशी ‘कर्ज’ या शब्दाचं पान उघडलं, तर तिथे करंजीच्या सारणाबद्दलची नोंद होती. आधी हसू आलं. मग लक्षात आलं की बियाण्यासाठी उसनवारी करताना काय काय ऐकून घ्यावं लागलं, हे एका आजीबाईंनी सांगितलेलं सगळं तिथून नाहीसं झालं होतं. ‘कारंजा’ या गावनावाखालची नोंदही गेली होती.

हे कसं घडलं ते समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका हवी. फंक्शन म्हणजे पिठाची गिरणी. वरून धान्य टाकायचं, खालून पीठ घ्यायचं. आतली मोटर कशी चालते हे आपण विचारत नाही. अशी शेकडो फंक्शनं एकत्र बांधून कुणीतरी सर्वांसाठी खुली ठेवतं, ती मुक्तस्रोत लायब्ररी. लागेल तेव्हा आपण तिला हाक मारतो. वेब फ्रेमवर्कचं उलटं असतं. शाळेचं वेळापत्रक जसं आधीच ठरलेलं असतं आणि आपण फक्त आपला तास घ्यायचा असतो, तसं तिथे फ्रेमवर्क आपल्या कोडला हाक मारतं.

मी निवडलेलं फ्रेमवर्क जँगो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावी एका दैनिकाच्या कचेरीत ते तयार झालं आणि 2005 साली सर्वांना खुलं झालं. वृत्तपत्राच्या घरात जन्मल्यामुळे त्याच्या भाषेत छापखान्याचे शब्द आले. त्यातला एक ‘स्लग’. बातमीला कचेरीत ओळखण्यासाठी दिलेलं छोटं नाव. जँगोत स्लग म्हणजे पानाच्या पत्त्यात येणारं नाव, आणि ते मथळ्यावरून बनवणारं फंक्शन म्हणजे ‘स्लगिफाय’.

या फंक्शनला नुसता मराठी शब्द दिला तर हाती काहीच येत नाही, कारण इंग्रजी अक्षरं आणि अंक सोडून बाकीचं ते गाळून टाकतं. इतर लिप्या राहू द्यायच्या असतील तर तसं वेगळं सांगावं लागतं. ती सोय 1.9 या आवृत्तीपासून आहे. मी ती वापरली, पडद्यावर देवनागरी दिसली आणि मी निश्चिंत झालो. नीट पाहिलं असतं तर ‘रिसोड’चं ‘रसड’ आणि ‘मालेगाव’चं ‘मलगव’ झालेलं तेव्हाच दिसलं असतं.

कारण पायथन या भाषेत आहे. प्रत्येक खुणेला ती विचारते, तू अक्षर आहेस की अंक? युनिकोडच्या कोष्टकात ‘व’ हे अक्षर आहे, पण काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताची खूण यांची नोंद अक्षरांत नाही, जोडचिन्हांत आहे. स्लगिफाय अक्षरं, अंक, अधोरेषा आणि जोडरेषा ठेवतं, मोकळ्या जागेची जोडरेषा करतं. जोडचिन्हं गळून पडतात. म्हणून ‘करंजी’, ‘कारंजा’ आणि ‘कर्ज’ तिन्हींचं ‘करज’ होतं. ‘मानोरा’ आणि ‘मिनार’ दोन्हींचं ‘मनर’. एक पत्ता आधीच असेल तर जुनी नोंद पुसून नवी ठेव, हे तर मीच लिहून ठेवलं होतं. फंक्शनचं काम त्याच्या नियमाप्रमाणे चालू होतं. नियम न वाचता वापरणारा मी होतो.

गंमत अशी की याच नियमामुळे ‘वाशिम’ आणि ‘वाशीम’ या दोन लेखनांचा वाद मिटतो. दोन्हींचं ‘वशम’! पण हे गाव म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते इथेच. त्या गावच्या शब्दांची वेलांटी माझ्या हातून गळावी, याची खंत मला अजून आहे.

मुक्तस्रोताचा खरा उपयोग मला इथे कळला. गिरणीचं झाकण उघडून आत पाहता येतं. स्लगिफायचा मजकूर मोजक्या ओळींचा आहे. तो मी वाचला आणि स्वतःचं फंक्शन लिहिलं: अक्षर आणि अंकांबरोबर जोडचिन्हंही ठेवायची. शिवाय प्रत्येक पत्त्यात नोंदीचा क्रमांक घातला, म्हणजे उद्या दोन शब्द खरोखरच सारखे आले तरी एकमेकांवर पडणार नाहीत. आता कुठलंही नवं फंक्शन वापरण्याआधी मी त्याला हेच पाच शब्द देतो: करंजी, कारंजा, कर्ज, मानोरा, मिनार. पाच आत गेले आणि पाच वेगळे बाहेर आले, तरच ते कामाचं.

वहीत होत्या त्या नोंदी परत भरल्या. आजीबाईंचं बोलणं मात्र मी थेट संगणकावर टंकलं होतं, त्याची दुसरी प्रत नव्हती. मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. “मांगच सांगतलं ना बापू तुले,” त्या म्हणाल्या. तरी परत सांगितलं. या वेळी प्रसंग तोच होता, शब्द वेगळे होते. ते आधी वहीत लिहिले, तारीख घातली, आणि मग ‘कर्ज’ या पानावर चढवले.