एक्स्प्लेनर : टँकमधल्या कोळंबीला पालक देताय? आधी हे वाचा

नवी मुंबईत कोळंबी म्हटले की कालवण आठवते. पण तुमच्या शिरवण्यातल्या घरात चेरी श्रिंपचा टँक असेल, तर प्रश्न उलटा आहे : कोळंबीला काय वाढायचे? खाऊ चुकला तर एका रात्रीत टँक रिकामा होऊ शकतो.

रोज काय खाते?
शेवाळ आणि दगड-पानांवर साचणारा सूक्ष्मजीवांचा थर. त्यामुळे स्थिरावलेल्या टँकमध्ये वरचा खाऊ आठवड्यातून एक-दोनदा पुरतो.

काय द्यावे?
पालक, काकडी, शेवग्याचा पाला. एक-दोन मिनिटे उकळून गार करा, म्हणजे भाजी मऊ होते आणि बुडते. मीठ-तेल नको. देशी बदामाचे गळलेले, वाळलेले पानही चालते. त्यावर थर वाढतो, कोळंबी तो खरवडून खाते.

धोका कशात?
कीटक आणि कोळंबी दोघेही संधिपाद. त्यामुळे भाजीवरचे कीटकनाशक कोळंबीलाही मारते आणि नुसते धुऊन ते पूर्ण जात नाही. काकडीची साल काढा. पाला शक्यतो गच्चीतल्या, फवारणी न केलेल्या कुंडीतला घ्या. तांबे असलेली माशांची औषधेही टाळा.

उरलेल्याचे काय?
दोन-तीन तासांत बाहेर काढा. भाजी कुजली की पाण्यात विषारी अमोनिया वाढतो. टाकलेली कात मात्र राहू द्या. ती खाऊन कोळंबी कॅल्शियम परत मिळवते.

किती द्यावे?
दहा-बारा कोळंब्यांना नखाएवढा तुकडा पुरे.