विश्लेषण : खाली बर्फ, वर नासलेले दूध… ‘बॉटम फ्रीजर’ फ्रिजमधला गॅस खरेच संपतो का?

रात्री फ्रिजमध्ये ठेवलेले दूध सकाळी शेगडीवर चढवताच फाटते. कोथिंबिरीने माना टाकलेल्या असतात, इडलीचे पीठ डब्याबाहेर आलेले असते. खालचा फ्रीजर उघडून पाहावा, तर मटार दगडासारखे घट्ट आणि आइस्क्रीमही जागच्या जागी. मग मेकॅनिकला फोन जातो आणि पलीकडून बहुतेक वेळा एकच निदान येते, ‘गॅस गेला असेल, भरावा लागेल.’ फ्रीजर खाली असलेल्या फ्रिजबाबत हे निदान अनेकदा घाईचे असते. त्यात काही हजार रुपये जाऊ शकतात आणि पंधरवड्यात दूध पुन्हा नासू शकते.

थंडी खालून वर कशी येते?

भाजी, दूध, पाणी यांसाठी दिवसभर वाकावे लागू नये म्हणून या फ्रिजमध्ये रोजचा कप्पा वर आणि फ्रीजर खाली असतो. कमरेला हे सोयीचे असले, तरी थंड हवा जड असते आणि ती आपणहून वर चढत नाही. यातल्या बहुतेक फ्रॉस्ट-फ्री मॉडेलमध्ये थंडी तयार करणारे कॉइल एकच असते. ते फ्रीजरच्या मागच्या पॅनलआड लपलेले असते. त्याच्या वर बसवलेला छोटा पंखा गार हवा एका वाटेने वरच्या कप्प्यात ढकलतो. वर किती हवा सोडायची हे त्या वाटेतली झडप ठरवते. दोन्ही कप्प्यांना स्वतंत्र कॉइल असलेली महागडी मॉडेलेही आहेत, त्यांचे गणित वेगळे.

म्हणजे वरचा कप्पा पूर्णपणे वाऱ्यावर अवलंबून आहे. वारा अडला की आधी वर गरम होते. खाली मात्र कॉइल शेजारीच असल्याने बर्फ बरेच दिवस टिकतो. गॅस खरोखर कमी झाला, तर सहसा फ्रीजरही ढिला पडतो. आइस्क्रीम मऊ होते, बर्फ जमायला फार वेळ लागतो आणि कॉम्प्रेसर थांबायचे नावच घेत नाही. ‘खाली कडक, वर कोमट’ अशी अवस्था असेल, तर संशय आधी वाऱ्यावर घ्यावा.

वारा अडतो कुठे?

सर्वात साधे कारण घरातच असते. वरच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीतल्या जाळीला टेकवून ठेवलेले आमटीचे पातेले किंवा भाजीची फुगलेली पिशवी गार हवेची वाट बंद करते. जाळीसमोर चार बोटे जागा मोकळी करावी, एक रात्र थांबावे आणि मगच पुढचा विचार करावा.

दुसरे कारण कॉइलवर साठलेला बर्फ. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्येही कॉइलवर बर्फ धरतोच, फक्त ठरावीक काळाने एक हीटर आपोआप सुरू होऊन तो वितळवतो. ते पाणी कॉइलखालच्या छिद्रातून नळीवाटे मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरते आणि तिथल्या उष्णतेने उडून जाते. हीटर, सेन्सर किंवा त्यांना चालवणारे सर्किट यांपैकी काहीही बिघडले, की बर्फाचा थर वाढत जातो आणि कॉइलमधून हवा जाईनाशी होते. फ्रीजरच्या मागच्या पॅनलवर पांढरा भुसभुशीत बर्फ दिसू लागला, तर ही त्याचीच खूण. आतून ‘कर्र कर्र’ आवाज येत असेल, तर पंख्याचे पाते बर्फाला घासत असण्याची शक्यता मोठी.

फ्रीजरच्या तळाशी, सर्वात खालच्या ड्रॉवरखाली काचेसारखा बर्फाचा पापुद्रा जमत असेल, तर पाण्याचे छिद्र गोठले किंवा तुंबले आहे. या रचनेतली ही नेहमीची तक्रार. ड्रॉवर अडकू लागतो, दार पूर्ण मिटत नाही, आत दमट हवा शिरते आणि बर्फ आणखी वाढतो. पावसाळ्यात, त्यातही कोकणपट्टीत, हे चक्र वेगाने फिरते.

चोवीस तासांचा उपाय

यावर घरच्या घरी करता येण्याजोगा एक उपाय आहे. तो निदानही करतो. प्लग काढावा, सामान शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये किंवा बर्फ घातलेल्या डब्यात हलवावे, दोन्ही दारे उघडी ठेवून खाली जुने टॉवेल अंथरावेत आणि पूर्ण २४ तास थांबावे. पॅनलमागचा बर्फ बाहेरून दिसत नसल्याने दोन-तीन तासांत ‘झाले’ असे वाटते, पण ते पुरत नाही. नंतर फ्रिज पुसून, कोरडा करून सुरू करावा.

खरे उत्तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मिळते. वरचा कप्पा पूर्ववत गार झाला आणि तसाच राहिला, तर बहुधा कधीतरी दार उघडे राहून बर्फ धरला होता. आधी छान गार झाला आणि काही दिवसांनी पुन्हा कोमट झाला, तर बर्फ वितळवणारी यंत्रणा बिघडली आहे आणि मेकॅनिकला नेमके तेच सांगावे. बर्फ निघूनही वर गारवा आलाच नाही, तर पंखा किंवा झडप तपासायला हवी. पंखा ऐकायचा असेल तर एक लक्षात ठेवावे. अनेक मॉडेलमध्ये दार उघडताच तो थांबतो, दाराचे बटण बोटाने दाबून धरले की पुन्हा फिरतो.

बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडू नये. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. त्याचे प्रमाण थोडे असले, तरी नळीला छिद्र पडले तर शेगडी बंद करावी, खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या बटणांना हात लावू नये. शिवाय तेव्हा गॅस खरोखरच जातो.

गॅस भरायचाच असेल तर?

फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता पुन्हा भरलेला गॅस पुन्हा जाणार. त्यामुळे ‘गळती कुठे सापडली?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये फ्रिजवरच्या लेबलवर लिहिलेले असते. आर-६००ए काट्यावर मोजून आणि आधी व्हॅक्यूम करून भरायचा असतो, अंदाजपंचे नाही. वॉरंटीचे कार्डही एकदा नीट वाचावे. कॉम्प्रेसरची लांबलचक वॉरंटी ठळक छापलेली असते, पण पंखा, हीटर आणि सेन्सर सहसा तिच्यात बसत नाहीत.

दार, ट्रे आणि भिंत

दाराच्या रबराची परीक्षा एका नोटेवर होते. नोट दारात धरून दार लावावे. ती सहज निसटली, तर तिथून हवा आत जाते. कोमट साबणपाण्याने रबर पुसल्यावर पुष्कळदा ते पुन्हा नीट चिकटते. पुढचे पाय मागच्यांपेक्षा किंचित उंच ठेवले, तर दार आपोआप मिटायला मदत होते. ड्रॉवरच्या मागे पडलेली मटाराची एक पिशवीही दार अर्धे बोट उघडे ठेवू शकते, आणि तेवढे पुरते.

मागचा पाण्याचा ट्रे मात्र फ्रिजपेक्षा घरातल्या माणसांसाठी महत्त्वाचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ट्रे पाहावा. प्लग काढूनच. त्याच उबेत झुरळे आणि पालीही मुक्कामाला येतात आणि उंदीर वायरी कुरतडतात.

फ्रिजच्या बाजूच्या भिंती गरम लागल्या, तर घाबरू नये. अनेक मॉडेलमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या तिथेच असतात. म्हणून फ्रिज भिंतीला किंवा कपाटाला घट्ट खेटवू नये.

अन्न कधी टाकावे?

वरच्या कप्प्याचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि फ्रीजरचे उणे १८ अंश असावे. मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर रात्रभर ठेवला की खरा आकडा कळतो. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही. वीज गेल्यास बंद दाराआड वरचा कप्पा सुमारे ४ तास सुरक्षित राहतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास टिकतो, मात्र ‘बघू तरी’ म्हणून दार उघडायचे नाही. फ्रीजरमधल्या ज्या पाकिटात अजून बर्फाचे कण लागतात, ते पुन्हा गोठवता येते. वरच्या कप्प्यातले दूध, शिजवलेला भात, मासे, मटण ४ अंशांवर दोन तासांहून अधिक राहिले असतील, तर वास येवो न येवो, ते टाकून द्यावे.