दिसाल तर वाचाल!

मारुती ८०० ची उंची १४०५ मिलिमीटर, म्हणजे साडेचार फुटांहून जराशी जास्त. १९८३ साली ती आली तेव्हा शेजारी फियाट आणि अँबेसेडर असायच्या. आज मुंबईत जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) दोन्ही बाजूंना डंपर, टँकर आणि उंच एसयूव्ही असतात. म्हणून बुटकी गाडी चालवणाऱ्यांसाठी थोडं:

🔸 डंपर-बसच्या डाव्या अंगाला रेंगाळू नका. चालक उजवीकडे बसतो, डाव्या दाराखालची छोटी गाडी त्याला दिसत नाही. त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

🔸 पावसात दिवसाही लो बीम लावा. मागचे लाल दिवेही आपोआप लागतात.

🔸 हायवेवर पाऊस कोसळला की अनेकजण चारही इंडिकेटर लावून चालवतात. तसं करू नका. वळणार की नाही, हे मागच्याला कळत नाही. ते दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी.

🔸 हेडलाइटचा रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर तोच बदला. जास्त वॉटच्या बल्बने वायरिंग तापतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

🔸 मागच्या बंपरवर लाल रिफ्लेक्टिव्ह टेप लावा. खर्च किरकोळ, उपयोग मोठा.

🔸 अंधेरी सबवेत पाणी भरलं की सरळ मागे फिरा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका.

आज रात्री घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि मागे उभं राहून दोन्ही दिवे लागतात का, एवढं नक्की बघा.