स्क्रॅपबुकची आयडिया सुचत नाही? मौद्याच्या घरातली जुनी पेटी उघडून बघा

इन्स्टाग्रामवर स्क्रॅपबुकचा एक रील बघितला की मागोमाग पन्नास येतात. आयफेल टॉवरचे स्टिकर, लॅव्हेंडरची सुकलेली फुलं, टाइपरायटरची इंग्रजी अक्षरं. बघून हुरूप येतो, स्टिकरची पाकिटं मागवली जातात आणि तिसऱ्या पानावर वही अडते. साहजिक आहे, त्या पानांत आपलं असं काहीच नसतं.

खरं तर हा प्रकार आपल्याला नवा नाही. शाळेत 'चिकटवही' सगळ्यांनीच केली आहे. तिकडे अमेरिकेत लेखक मार्क ट्वेनला या छंदाचं इतकं वेड होतं की, पाणी लावलं की चिकटणाऱ्या पानांच्या स्क्रॅपबुकचं त्याने १८७३ साली पेटंटच घेतलं.

मग पानावर काय लावायचं? नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या, कन्हान नदीकाठच्या मौद्याचं उदाहरण घेऊ. हा धानाचा पट्टा, त्यामुळे रोवणीचं एक पान सहज होतं. बांधीतला फोटो, शेजारी वर्तमानपत्रात दाबून सुकवलेली धानाची लोंबी आणि खाली त्या वर्षी पाऊस कधी आला, रोवणीला कोण कोण होतं त्याची नोंद. याच तालुक्यात आज एनटीपीसीचं २३२० मेगावॅटचं वीज केंद्र उभं आहे. चिमण्या दिसण्याआधीचा शिवाराचा फोटो कुणाच्या घरी असेल, तर त्याच जागेवरून आजचा फोटो काढून दोन्ही समोरासमोर लावता येतात. एवढ्यात एक पान भरतं.

सगळ्यात भारी पान मात्र तान्ह्या पोळ्याचं होईल. लाकडी बैल घेऊन घरोघर फिरणारी पोरं, मिळालेला बोजारा, बैलाला लावलेल्या बेगडाचा तुकडा. त्याच्या आदल्या दिवशी, मोठ्या पोळ्याला तोरणाखाली म्हणतात त्या झडत्या तर आवर्जून लिहून घ्याव्यात. बऱ्याचशा झडत्या जुन्या माणसांच्या तोंडीच आहेत. आजोबा म्हणतात तशाच लिहायच्या, पुस्तकी मराठीत आणायला जाऊ नये, नाहीतर मजा जाते. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून त्याचा क्यूआर कोड पानावर चिकटवला, तर स्कॅन करून आजोबांचा आवाजही ऐकता येतो.

शेजारच्या भंडारा जिल्ह्यात झाडीपट्टीचं नाटक बघायला गेलात, तर हातात पडलेलं पत्रक फेकू नका. भडक रंग, ठळक नावं... कोणत्याही विकतच्या स्टिकरपेक्षा ते पानावर उठून दिसतं.

'असल्या वस्तूंना काय किंमत?' असं वाटत असेल तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवा. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, हजारोंनी जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहालयाला दिलं.

आता घाई कशाची? दोन गोष्टींची.

पहिली म्हणजे कागद. एसटीचं मशीनमधून येणारं तिकीट थर्मल कागदाचं असतं. त्यावर शाई नसते, उष्णतेने अक्षरं उमटतात, म्हणूनच ती काही काळाने उडूनही जातात. असं तिकीट मिळाल्यावर लगेच फोटो काढा किंवा झेरॉक्स करा आणि ती प्रत वहीत लावा. वर्तमानपत्राची कात्रणं पिवळी पडून ठिसूळ होतात, त्यांनाही तोच उपाय. सेलोटेप टाळा, तिचा गोंद काही वर्षांनी डाग सोडतो. गव्हाच्या पिठाची खळ स्वस्त पडते, पण तिला कसर लागते.

दुसरी गोष्ट माणसांची. लग्नाच्या जुन्या ग्रुप फोटोत डावीकडून तिसरी बाई कोण, हे घरात बहुतेक वेळा एकट्या आजीलाच माहीत असतं. तिच्यासोबत एक दुपार बसा, नावं विचारा, नातं आणि गावही विचारा. ही नावं पानावर फोटोखाली लिहा. फोटोच्या मागे लिहायचंच असेल, तर मऊ पेन्सिलीने, न दाबता. बॉलपेनचा वळ पुढून दिसतो.

आणि जुन्या चिकट अल्बममध्ये फोटो घट्ट बसला असेल, तर ओढून काढू नका. आहे तिथेच मोबाईलने त्याचा फोटो घ्या, प्रिंट काढा आणि वहीत ती लावा.