हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलताना जुना हिशेब कसा सांभाळायचा

(महाळुंगे इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

पहिली शिफ्ट संपवून थेट इथे आलेले बरेच जण दिसताहेत, तेव्हा लांबण न लावता विषयालाच हात घालू या.

पगार, घरखर्च, पीएफ, पतसंस्थेचं कर्ज, एसआयपी, खोल्यांचं भाडं, हे सगळं आता बरेच जण कॉम्प्युटरवर लिहितात. कुणी एक्सेलमध्ये, कुणी ग्नूकॅशमध्ये. ज्यांचं छोटं वर्कशॉप आहे ते टॅलीतच घरचाही हिशेब ठेवतात. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्यामुळे बऱ्याच घरांत नवं मशीन आलंय, किंवा येणार आहे. नवं मशीन म्हणजे नवं सॉफ्टवेअर. आणि नेमकं याच वेळी दहा-बारा वर्षांचा हिशेब हातातून जायची भीती असते.

गेला तर बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. उदाहरण घ्या. दोन वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे असलेलं घर किंवा बिनशेती प्लॉट विकला, तर नफ्यावर कर लागतो. तो २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला असेल, तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोन मार्ग आहेत. महागाई निर्देशांक न धरता १२.५ टक्के, किंवा निर्देशांक धरून २० टक्के. कोणता मार्ग फायद्याचा, हे ठरवायला खरेदीचं वर्ष, किंमत आणि नंतर चढवलेल्या मजल्याचा वर्षवार खर्च लागतो. पावत्या तर लागतातच, पण कुठल्या वर्षी कुणाला किती दिले हे सापडलं, तरच पावती शोधता येते.

"बँकेकडे असतंच की सगळं." असतं, पण कायम असेलच असं नाही. आपल्याच भागातलं बघा. पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला. ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, नोंदींना कसला विमा? शिवाय बँकेच्या स्टेटमेंटवर ४०,००० रुपये चेकने गेले एवढंच दिसतं. ते विटा-सिमेंटला गेले की लग्नाला, ही नोंद तुमची तुम्हीच केलेली असते.

प्रोग्रॅम वेगळा, डेटा वेगळा

सगळ्यात आधी हा फरक पक्का करा. ग्नूकॅश किंवा टॅली हे यंत्र आहे, तुमचा हिशेब हा माल आहे. यंत्र पुन्हा डाउनलोड करता येतं. माल मात्र फक्त तुमच्याकडे असतो, एका फाइलमध्ये किंवा फोल्डरमध्ये. ती फाइल नेमकी कुठे आहे, हे अपग्रेडच्या आधी माहीत हवं.

आणि सगळं काही त्या एकाच फाइलमध्ये असतं असंही नाही. ग्नूकॅशचं बघा. नोंदी तुमच्या फाइलमध्ये असतात, पण जतन करून ठेवलेले रिपोर्ट आणि सेटिंग वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात. विंडोजमध्ये तो ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या आत असतो. नोंदीला जोडलेला पावतीचा फोटोही फाइलच्या आत नसतो, तिथे फक्त त्याचा पत्ता असतो. नव्या मशीनवर फोटोचा फोल्डर दुसरीकडे ठेवला, की पत्ता चुकला.

हा रस्ता एकेरी आहे

बहुतेक घोळ इथेच होतो. नवी आवृत्ती जुनी फाइल उघडते, तिचं नव्या रचनेत रूपांतर करते आणि सेव्ह करते. त्यानंतर जुन्या आवृत्तीला ती फाइल वाचता येईलच असं नाही. टॅलीचं उदाहरण सरळ आहे. टॅली ७.२ चा डेटा ईआरपी ९ मध्ये आणायला वेगळं रूपांतराचं साधन लागायचं. पुढे टॅलीप्राइम २०२० मध्ये आलं, आणि २०२३ मधल्या त्याच्या ३.० आवृत्तीने पुन्हा डेटाची रचना बदलली. एकदा ३.० मध्ये नेलेली कंपनी आधीच्या आवृत्तीत उघडत नाही. हा काही दोष नाही, सगळीकडे असंच चालतं. म्हणूनच परतीची वाट आपण आधी तयार ठेवायची.

ती कशी, हे तुम्हाला आम्ही शिकवायला नको. लाइनवर नवी डाय आली की काय करता? ट्रायल घेता. पहिला पीस क्वालिटीकडे जातो, मापं जुळली की ओके होतो, मग लाइन सुरू होते. तोवर जुनी डाय कुणी भंगारात टाकत नाही. घरच्या हिशेबालाही हाच नियम लावायचा.

पाच पायऱ्या

पहिली पायरी, मापं लिहून घ्या. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आजची तारीख धरून प्रत्येक खात्याची शिल्लक काढा. बँक, रोख, पीएफ, कर्ज, सगळी खाती घ्या. एकूण नोंदी किती, सगळ्यात जुनी नोंद कधीची, हेही लिहा. हे कागदावर उतरवा किंवा पीडीएफ करून ठेवा. पीडीएफ उघडायला हिशेबाचं सॉफ्टवेअर लागत नाही.

दुसरी पायरी, प्रोग्रॅम बंद करून डेटाच्या दोन प्रती काढा. एक पेन ड्राइव्हवर, एक घराबाहेर, म्हणजे ऑनलाइन ड्राइव्हवर किंवा भावाच्या घरी. ग्नूकॅश आपणहून बॅकअप ठेवतं हे खरं, पण ते त्याच फोल्डरमध्ये राहतात, आणि मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवसांपेक्षा जुने बॅकअप ते स्वतःच पुसतं. डिस्क गेली तर मूळ फाइल आणि बॅकअप दोन्ही एकदम जातात.

तिसरी पायरी, प्रत उघडून बघा. ही पायरी लोक सर्रास गाळतात. जो बॅकअप कधी उघडलाच नाही, त्याच्यावर भरवसा ठेवायचा कसा? दुसऱ्या मशीनवर, जुन्याच आवृत्तीत तो उघडा. पासवर्ड लागत असेल तर तो आत्ताच आठवून बघा.

चौथी पायरी, नव्या आवृत्तीत मूळ फाइल उघडू नका, प्रत उघडा. आवृत्ती फारच जुनी असेल तर एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी घेण्यापेक्षा मधल्या आवृत्त्यांतून पायरीपायरीने या.

पाचवी पायरी, ताळा करा. कागदावरची प्रत्येक शिल्लक नव्या सॉफ्टवेअरमधल्या शिलकेशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. "साधारण जुळतंय" याला हिशेबात अर्थ नाही. आजची शिल्लक जुळली तरी मागच्या दोन-तीन ३१ मार्चच्या शिलकाही तपासा, कारण दोन उलटसुलट चुका एकमेकींना झाकू शकतात. ताळा झाल्यावरही जुनं सॉफ्टवेअर आणि जुनी फाइल निदान एक रिटर्न भरून होईपर्यंत तशीच ठेवा. पूर्वी दुकानदार पाडव्याला नवी वही घालायचे, तेव्हा जुनी वही बासनात बांधून ठेवायचे. तसंच हे.

प्रोग्रॅमच बदलायचा असेल तर

कधी कधी प्रोग्रॅमच बंद होतो. मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री २००९ मध्ये थांबली. अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच मराठी घरांना मिंट माहीत असेल, ते मार्च २०२४ मध्ये बंद झालं. अशा वेळी डेटा सीएसव्ही फाइलमधून न्यावा लागतो. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविराम घालून लिहिलेला साधा मजकूर. तो कुठेही उघडतो, पण त्यात बरंच काही गळतं.

पगाराचंच घ्या. समजा एकूण पगार २८,०००. त्यातून पीएफ १,८००, व्यवसाय कर २०० आणि सोसायटीचा हप्ता २,००० वजा होऊन खात्यात २४,००० आले. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही एकच नोंद पाच भागांत असते. बऱ्याच सीएसव्हींमध्ये फक्त २४,००० उरतात. बँकेची शिल्लक अगदी बरोबर दिसते, पण पीएफ वाढत नाही आणि सोसायटीचं कर्जही कमी होत नाही. म्हणून ताळा एकट्या बँक खात्याचा करून भागत नाही.

तारखेचंही तसंच. ०३/०४/२०२४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. अमेरिकी पद्धतीचं सॉफ्टवेअर ती ४ मार्च समजतं, आणि नोंद थेट आधीच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. एरर येत नाही, एकूण बेरीजही बदलत नाही. ३१ मार्चची शिल्लक तपासली तरच हे सापडतं.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून लगेच सेव्ह करू नका. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा अचूक धरतं, १६ आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो. सुरुवातीची शून्यंही उडतात. तो रकाना आयात करताना 'टेक्स्ट' म्हणून निवडा. मराठी नोंदी अगम्य चिन्हांसारख्या दिसल्या, तर आयात करताना यूटीएफ-८ निवडा. आणि जुन्या नोंदी युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील.

आणखी एक. बँकेतून रोख काढल्याची नोंद बँकेच्या फाइलमध्येही असते आणि रोखीच्या फाइलमध्येही. दोन्ही आयात केल्या तर ती दोनदा मोजली जाऊ शकते. एक काढावी लागते.

श्रोत्यांचे प्रश्न

एका ताईंनी विचारलं, "माझं सगळं मोबाइलच्या ॲपमध्ये आहे. अपडेट केलं तर जाईल का?"

ताई, नुसत्या अपडेटने सहसा जात नाही. धोका आहे तो ॲप काढून पुन्हा टाकण्यात. अँड्रॉइडवर ॲप काढलं की त्याच्या आतला डेटाही सोबत जातो. गूगलचा आपोआप होणारा बॅकअप एका ॲपला २५ एमबीपर्यंतच मिळतो, आणि ॲप बनवणाऱ्याने तो बंदही ठेवलेला असू शकतो. म्हणून "अडकतंय, काढून परत टाक" असं कुणी म्हटलं, तर आधी ॲपमधून 'एक्स्पोर्ट' करून ती फाइल फोनच्या बाहेर काढा.

मागून एका काकांनी विचारलं, "एवढ्या भानगडीपेक्षा जुनंच वापरत राहिलो तर?"

काही दिवस चालेल, काका. पण आधार संपलेल्या मशीनवर ऑनलाइन बँकिंग करणं धोक्याचं आहे. आणि ते मशीन एक दिवस बंद पडेल तेव्हा मापं लिहून घ्यायला वेळच मिळणार नाही. आज मशीन चालू आहे, शिलका दिसताहेत, तोवरच बदल सोपा आहे.

म्हणून अपग्रेड पुढच्या महिन्यात करा हवं तर. पण या रविवारी दोन कामं उरका. डेटाची फाइल कुठे आहे ते शोधा, आणि तिची प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडली, तर निम्मं काम झालं. नाही उघडली, तर मूळ फाइल अजून शाबूत असतानाच ते कळलं, हे चांगलंच झालं.